पाळकाची काठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या तत्त्वज्ञान मंडळाने 'धर्म आणि नीती' या विषयावर एक चर्चा ठेवली होती. बाहेर पाऊस नव्हता (सोलापूरचा पावसाळा तो!), पण खोलीत शब्दांची झड लागली होती. विषय फिरत फिरत बुवाबाजीवर आला. २०१७ साली शिक्षा झालेले गुरमीत राम रहीम, २०१८ साली जन्मठेप झालेले आसाराम, अशी नावे निघाली. मी ऐकत होते. तेवढ्यात एक वर्गमित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या पाद्र्यांचंही पेपरात येतंच की. लग्न करू देत नाहीत, मग दुसरं काय होणार?"

मी म्हटले, "आमच्या पाद्रीसाहेबांचं लग्न झालंय. तीन मुलं आहेत त्यांना."

सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे याचं स्पष्टीकरण चुकलं. आता बरोबर कोणतं, ते तू शोध आणि लिहून आण."

प्रस्तुत लेख म्हणजे तो शोध. लिहू की नको, असा विचार पुष्कळ दिवस केला. घरातून विरोध झाला नाही, पण "आधीच आपण मूठभर, त्यात आपलंच उणं चव्हाट्यावर कशाला?" असे एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी विचारले. त्यांचा प्रश्न मी विसरलेले नाही; पुढे त्याकडे यावे लागणार आहे.

आधी थोडे आमच्याविषयी. ख्रिस्ती म्हटले की पांढरा झगा घातलेला अविवाहित 'फादर' डोळ्यांपुढे येतो, तो सिनेमामुळे. तो रोमन कॅथलिक पंथाचा. आमच्यासारखी सोलापूर-अहमदनगरकडची पुष्कळ मराठी ख्रिस्ती कुटुंबे प्रॉटेस्टंट आहेत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आले आणि पुढे सोलापूरपर्यंत पसरले. १९७० साली नागपूर येथे अनेक पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. आमच्यात धर्मगुरू विवाहित असतो आणि त्याला आम्ही 'पाळक' म्हणतो. शब्द साधा आहे: मेंढरे पाळतो तो. ज्या लोकांना तो पाळतो ती 'मंडळी'. (आमच्याकडे "मंडळीला गेलो होतो" म्हटले की बायकोकडे गेलो होतो असा अर्थ होत नाही, हे परधर्मीय मित्रांनी ध्यानात घ्यावे.)

तर, ब्रह्मचर्य हे कारण असते तर विवाहित पाळकांत हा दोष आढळायला नको होता. तो आढळतो. त्याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे रवी झकरायस. जन्माने मद्रासचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले हे गृहस्थ ख्रिस्ती धर्माची तात्त्विक बाजू मांडणारे जगप्रसिद्ध वक्ते होते. आमच्याही घरी त्यांची पुस्तके आहेत. ते विवाहित होते, आजोबा होते. मे २०२० मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांनी चौकशी केली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेने स्वतः प्रसिद्ध केला. मालिश करणाऱ्या अनेक स्त्रियांशी त्यांनी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाची हकीकत त्यात आहे. एका स्त्रीने सांगितले की, तू हे बाहेर बोललीस आणि माझ्या नावाला बट्टा लागला, तर लक्षावधी आत्मे तारणाला मुकतील आणि त्याची जबाबदारी तुझ्यावर येईल, अशी ताकीद त्यांनी तिला दिली होती.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. वासनेचा माणूस असे बोलत नाही. वासनेला आत्म्यांच्या तारणाची गरज नसते. हे बोलणे अधिकाराचे आहे. धर्मकार्याचे सगळे वजन उचलून त्या एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवायचे आणि तिला गप्प बसवायचे, ही कला ज्याला व्यासपीठ मिळाले आहे त्यालाच साधते.

मला सापडलेले स्पष्टीकरण हे असे आहे. धर्मगुरूच्या लैंगिक गैरवर्तनात लैंगिकता ही वरची साल असते. आतला गर म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या अधिकाराची अफरातफर. आपण सालीवरच बोलत राहतो, म्हणून प्रश्न सुटत नाही.

पाळकाकडे माणूस कधी जातो, ते पाहा. घरात मृत्यू झाला की जातो. नवरा पिऊन मारतो म्हणून बाई जाते. मुलीला मिशनच्या वसतिगृहात जागा हवी, मुलाला मिशनच्या शाळेत नोकरीसाठी शिफारस हवी, लग्नासाठी मंडळीचा दाखला हवा, म्हणून जातात. बोलायला कोणीच उरले नाही म्हणूनही जातात. अशा वेळी माणसाचे कवच गळून पडलेले असते. शिवाय आमच्यासारख्या लहान समाजात पाळक हा नुसता उपदेशक नसतो. शाळेच्या कमिटीवर तोच, वसतिगृहाच्या कमिटीवर तोच, आणि प्रेत उचलायच्या वेळीही तोच. त्याला 'नाही' म्हणणे म्हणजे एका माणसाला नाही म्हणणे नव्हे. ते शाळेला, नोकरीला, स्मशानाला आणि देवालाही नाही म्हणणे होऊन बसते.

म्हणूनच "तिची संमती होती" हे वाक्य इथे लंगडे पडते. संमती खरी केव्हा? जेव्हा नकार देणे परवडत असते तेव्हा. डॉक्टर आणि रोगी, वकील आणि अशील, शिक्षक आणि विद्यार्थिनी या सगळ्या नात्यांत हाच नियम आहे. (आमच्या प्राध्यापकवर्गाकडे पाहून हे लिहिलेले नाही, पण वगळावे असेही वाटले नाही.) कांटने १७८५ साली मांडलेले सूत्र आम्ही दुसऱ्या वर्षाला घोकतो: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. परीक्षेत त्याला दहा गुण असतात. पाळकाच्या खोलीत रडत आलेल्या बाईच्या बाबतीत ते सूत्र किती नेमके लागू पडते, हे मला हा लेख लिहिताना कळले. तिचे दुःख हेच तिथे साधन होते.

आपल्या मुंबई इलाख्यात हा प्रश्न न्यायालयात फार पूर्वी उभा राहिला होता. मात्र ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात नव्हे. १८६० साली करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने 'सत्यप्रकाश' पत्रात पुष्टिमार्गाच्या महाराजांवर लेख लिहिला. भक्ताने तन, मन, धन गुरूला अर्पण करावे या शिकवणुकीचा आधार घेऊन महाराज भक्तांच्या बायका-मुलींशी व्यभिचार करतात, असा आरोप त्यात होता. जदुनाथजी महाराजांनी बदनामीची फिर्याद केली आणि पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली. खटल्याची सुनावणी १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सुरू झाली. साक्षीदारांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. वैद्यक व्यवसायात त्यांना जे कळले ते त्यांनी शपथेवर सांगितले. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचीही साक्ष झाली. एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला आणि आरोपांचे समर्थन करसनदासांनी सिद्ध केले असे ठरले. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालाचा आशय असा की, हा वाद धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, आणि जे नीतीने चूक ते धर्माने बरोबर ठरू शकत नाही.

पण त्या खटल्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट निकालाच्या आधी घडली. महाराजांविरुद्ध कोणीही साक्ष देऊ नये, दिल्यास जातीबाहेर, असे भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी सभा घेऊन ठरवले. त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. म्हणजे आपल्याच घरातल्या बायकांवर अन्याय झाला असता त्या घरांतले कर्ते पुरुष गुरूच्या बाजूने उभे राहिले. ते दुष्ट होते असे मला वाटत नाही. समाजाची अब्रू जपली पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटत असावे. "आपलंच उणं चव्हाट्यावर कशाला?" हा प्रश्न तेव्हाही होता, फक्त गुजरातीत होता.

विल्सनसाहेबांनी तेव्हा दुसऱ्याच्या धर्मगुरूंविषयी साक्ष दिली. आपल्या धर्मगुरूंविषयी साक्ष द्यायची वेळ आली की काय होते, ते आता पाहू.

२०१५ साली मुंबईत एका कॅथलिक धर्मगुरूने तेरा वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. मुलगा चर्चमधूनच घरी आला आणि त्याने आईला सांगितले. कुटुंब त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल ऑसवाल्ड ग्रेशियस यांना भेटले. त्यांना त्याच रात्री रोमला जायचे होते. पोलिसांकडे कुटुंबच गेले. पुढे २०१९ मध्ये बीबीसीने हे प्रसिद्ध केले. त्या वेळी, हे प्रकरण आपल्याला अधिक चांगल्या रीतीने हाताळता आले असते, असे कार्डिनलांनी मान्य केले. चर्चच्या लोकांनीच आपल्याला दूर लोटले, असे त्या कुटुंबाचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. त्याचे नाव छापून आलेले आहे; मी मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की आपली चर्चा त्या एका माणसाभोवती फिरू लागते. मला विचार करायचा आहे तो भेटीच्या त्या संध्याकाळचा. समोर मूल बसले आहे, विमानाची वेळ झाली आहे, आणि भला माणूसही घड्याळाकडे पाहतो.

गोव्याचे उदाहरण निराळे आहे, पण शिकवण तीच. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' चालवत असे आणि स्वतःला 'फादर फ्रेडी' म्हणवून घेई. १९९१ साली त्याला अटक झाली आणि १९९६ साली मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल जन्मठेप झाली. २००५ साली तो कैदेतच मेला. इथे 'फादर' एवढी तीन अक्षरी उपाधी पुरली. ती ऐकल्यावर दार उघडायचे आणि प्रश्न विचारायचे नाहीत, हे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते.

केरळात २०१८ साली एका नन भगिनीने बिशप फ्रँको मुलक्कल यांच्याविरुद्ध बलात्काराची तक्रार केली. त्यांना अटक झाली, खटला चालला, आणि जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयाने दोषमुक्त केलेल्या माणसाला मी दोषी म्हणणार नाही. परंतु त्या नन भगिनीच्या सोबतिणी कोचीच्या रस्त्यावर धरणे धरून बसल्या तेव्हा कुठे तपासाने वेग घेतला, ही गोष्ट निकालावर अवलंबून नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये खुद्द पोप फ्रान्सिस यांनी, धर्मगुरूंकडून नन भगिनींचे शोषण झालेले आहे, हे पत्रकारांपुढे कबूल केले.

आता कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्माला हा धोका ठाऊकच नव्हता काय? होता, आणि फार जुना. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनासाठी लाकडी कपाटासारखी एक पेटी असते. मधे जाळी, एका बाजूला धर्मगुरू, दुसऱ्या बाजूला निवेदन करणारा. ती आपण सिनेमात पाहिलेली असते आणि काहीतरी गूढ वाटते. तिच्यात गूढ काही नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी या आसनाविषयी बारकाईने नियम घालून दिले, त्यामागे एक साधा व्यवहारी हेतू होता: निवेदनाला आलेली स्त्री आणि धर्मगुरू यांच्यामध्ये आडपडदा असावा, आणि जागा लोकांच्या नजरेत असावी. निवेदनाच्या वेळी स्त्रीला मोह घालणाऱ्या धर्मगुरूविरुद्ध १६२२ आणि १७४१ साली पोपच्या आज्ञाही निघाल्या. ज्या सुताराने पहिली जाळी ठोकली त्याला मानवी स्वभाव बऱ्याच धर्मपंडितांपेक्षा अधिक कळला असला पाहिजे.

मग जाळी असूनही बिघडले कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी. त्यांतले पहिले दोन आमच्या शब्दांत आहेत आणि तिसरे आमच्या कारभारात.

पहिला शब्द 'पतन'. पाळक 'पडला' असे आम्ही म्हणतो. पडणाऱ्याची कीव येते. त्याला हात द्यावासा वाटतो. पण तो कोणाच्या अंगावर पडला, हे त्या शब्दात कुठेच नाही. दावीद राजाची गोष्ट घ्या. त्याने आपल्या सैनिकाची, उरीयाची, बायको बथशेबा राजवाड्यात आणवली आणि पुढे उरीयाला लढाईत मारवले. आमच्याकडे या गोष्टीवर प्रवचन झाले की ते दावीदाच्या मोहावर आणि पश्चात्तापावर होते. एकावन्नावे स्तोत्र वाचतात, आणि त्यात दावीद म्हणतो की मी केवळ देवाचाच अपराधी आहे. बथशेबेला काय वाटले, यावर प्रवचन मी अजून ऐकलेले नाही. पण नाथान संदेष्टा दावीदाकडे आला तेव्हा तो मोहाविषयी एक अक्षर बोलला नाही. त्याने गोष्ट सांगितली ती एका श्रीमंताची, ज्याच्याजवळ पुष्कळ कळप असता त्याने गरिबाची एकुलती कोकरी हिसकावून घेतली. नाथानाच्या दृष्टीने गुन्हा बलवानाने केलेल्या लुटीचा होता. माझे सगळे विवेचन या एका कोकरीत आले आहे. मी उगीच इतकी पाने लिहिते आहे.

दुसरा शब्द 'क्षमा'. हा आमच्या धर्माचा प्राण, म्हणून इथे जपून लिहावे लागते. मंडळीच्या खजिनदाराने पैसे खाल्ले आणि तो रडून पश्चात्ताप करू लागला, तर त्याला क्षमा करावी. पण तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहू द्याव्यात काय? पैशाच्या बाबतीत हा फरक कोणालाही समजवावा लागत नाही. बाईच्या बाबतीत मात्र क्षमा म्हणजे पूर्ववत् नेमणूक, असा अर्थ केला जातो. वर तिलाच सांगतात की तू क्षमा कर, नाहीतर तुझ्या मनात कडवटपणा राहील. जखम एकीला आणि क्षमा वाटायचा अधिकार कमिटीला, असा हा न्याय.

तिसरी गोष्ट बदली. अमेरिकेत २००२ साली बोस्टनच्या 'ग्लोब' या दैनिकाने जे उघडकीस आणले त्याचा गाभा हाच होता. तक्रार आलेल्या धर्मगुरूंना बिशप दुसऱ्या गावी पाठवत, आणि तिथल्या लोकांना काही सांगत नसत. तिथल्या बिशपांनीच करवून घेतलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या शोषणाचे आरोप झाल्याचे दिसले. हे प्रमाण सुमारे चार टक्के. म्हणजे बहुसंख्य धर्मगुरूंवर आरोप नव्हता, हे खरेच. पण बदलीच्या कागदांवर सह्या करणारे या चार टक्क्यांत मोजलेले नाहीत.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाची कथा आहे. त्याचे मुलगे, हफनी आणि फिनहास, मंदिरमंडपाच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करीत. एलीला ते कळले. त्याने मुलांना बोलावून उपदेश केला, आणि तिथेच थांबला. पुढे शिक्षा झाली ती मुलांना, आणि एलीच्या घराण्यालाही. लहानपणी संडेस्कूलमध्ये मला एलीची दया यायची; म्हातारा, आंधळा होत चाललेला, काय करणार बिचारा! आता तशी येत नाही.

बदलीविषयी मला एवढा राग का, ते सांगितले पाहिजे. माझी आजी सतराव्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. तिथे तिची एक मैत्रीण होती. तरुणपणी विधवा झालेली, बायबलबाई म्हणून वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. एका वर्षी ती एकाएकी काम सोडून माहेरी निघून गेली. दोन महिन्यांनी तिथल्या पाद्रीसाहेबांची दुसऱ्या गावी बदली झाली, मोठ्या मंडळीत. निरोपसमारंभ झाला, फोटो काढला. काय घडले ते कमिटीतल्या लोकांना ठाऊक होते. आजीलाही ठाऊक होते, कारण मैत्रिणीने जायच्या आदल्या रात्री तिला सांगितले होते. "आणि हार मी ओवला होता," आजी म्हणाली. "झेंडूचा. मला सांगितलं, तू छान ओवतेस." आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. हे तिने पहिल्यांदाच सांगितले, तेही मी हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर.

मी विचारले, "तू का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "कुणाकडे?"

या 'कुणाकडे'ला आज थोडेफार उत्तर आहे, ते कायद्यात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा 'पॉक्सो' कायदा धार्मिक संस्थेच्या चालकाने किंवा नोकराने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार अधिक गंभीर मानतो. शिवाय असा गुन्हा कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. धर्मगुरूला त्यातून वगळलेले नाही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला कैद होऊ शकते. आता एलीला नुसता उपदेश करून थांबता येणार नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत दंडसंहितेत २०१३ साली ३७६-सी हे कलम नव्या स्वरूपात आले आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ६८ वे कलम आहे. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन आपल्या देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधाला प्रवृत्त करणे हा त्यात, बलात्कार ठरत नसला तरीही, गुन्हा आहे. कायद्यानेही संमतीच्या मागे जाऊन पाहिले आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अलौकिक शक्तीचा आव आणून लैंगिक संबंध ठेवणाऱ्या बुवाला पकडतो. पण पाळक अलौकिक शक्तीचा दावा करत नाही. त्याला बुवाबाजीची गरजच नसते. त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्र असते.

कॅथलिक चर्चनेही आपले नियम बदलले आहेत. २०१९ साली पोपनी अशी तक्रार वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंना सक्तीचे केले, आणि डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित धर्मकायद्यात 'अधिकाराचा दुरुपयोग' हे शब्द आले. आम्हा प्रॉटेस्टंटांना पोप नाही, याचा आम्हाला अभिमान असतो; पण त्यामुळे एका मंडळीतून काढलेला पाळक दुसरीकडे स्वतःची मंडळी काढून बसला, तर त्याला अडवणाराही कोणी नसतो.

विरोध करण्याची परंपरा मात्र आमच्याकडे आहे, आणि ती मराठी आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडले की केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. धर्माच्या नावाखाली विधवांचे काय होते ते पाहण्यासाठी रमाबाई वेषांतर करून वृंदावनात गेल्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याआधी, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, त्यांना आश्रय देणाऱ्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आमच्या मंडळ्यांत फारसा कोणी वाचत नाही. १९७७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात पंचविशीतली ही बाई, परक्या देशात, दुसऱ्यांच्या घरी राहून, ठणकावून लिहिते: मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, इकडच्या भटाभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्या धर्मगुरूंचे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे. धर्म स्वीकारला, पण बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. रमाबाईंचे चित्र आमच्या संडेस्कूलच्या भिंतीवर आहे. पत्रे नाहीत.

'मूठभर' असण्याच्या प्रश्नाकडे यायचे राहिले. लहान समाजाला बाहेरच्यांची भीती असते आणि ती अगदीच खोटी नसते. हा लेख वाचून कोणी "बघा, हे असे असतात" म्हणेल, हे मला ठाऊक आहे. त्या मित्राने तसे म्हटलेच होते. पण मूठ झाकली की आत काय आहे ते बाहेरच्यांना दिसत नाही. आत जी चिरडते तिला सगळे दिसत असते. ती बायबलबाई त्याच मुठीतली होती.

आमच्या मंडळीच्या यंदाच्या वार्षिक सभेत स्त्रियांनी एक ठराव मांडला. पाद्रीसाहेबांच्या खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच बसवावी, आणि तक्रार आली तर ती ऐकायला मंडळीबाहेरच्या दोन व्यक्ती, त्यांत एक स्त्री, नेमाव्यात. पाद्रीसाहेबांनी स्वतः पाठिंबा दिला, हे नमूद केले पाहिजे. ते म्हणाले, काच असली तर मलाही बरे. एका सभासदांनी, हा आपल्या पाळकावर अविश्वास नाही काय, असे विचारले. दुसऱ्यांनी काचेच्या खर्चाचा अंदाज मागितला. आजी, जी सभेत कधी बोलत नाही, उभी राहून म्हणाली, "काचेचे पैसे मी देते." मग थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. काचेचा ठराव मंजूर झाला; दुसरा पुढच्या सभेवर गेला आहे. दाराचे माप गेल्या रविवारी उपासनेनंतर सुतार घेऊन गेला.